यंदा मीठ कोण घालणार

नवऱ्यापासून वेगळं व्हायला मला कोर्टाचे बरेच खेटे घालावे लागले. सासूपासूनही वेगळं व्हायचं, असं त्या कागदात कुठेच लिहिलेलं नव्हतं. मी तो नीट वाचलाय. चष्म्याच्या दुकानात काचा घासायचं काम करते मी, बारीक अक्षराला मी घाबरत नाही.

त्यामुळे उन्हाळा सरत आला, बाजारात टोमॅटोचे ढीग लागले आणि ते हातात घेतल्यावर मऊ लागू लागले, की मी रजा टाकते, बस पकडते आणि माझ्या जुन्या सासरी जाते. सासू दार उघडते, मी चपला काढते आणि आम्ही दोघी वर्षभराचा टोमॅटोचा रस आटवून बाटल्यांत भरतो. लग्न झालं त्या वर्षापासून हे चालू आहे. लग्न मोडलं, हे मोडलं नाही.

यावर पुष्कळांचं पोट दुखतं. सर्वांत जास्त माझ्या सख्ख्या ताईचं. "ज्या घरातून बाहेर पडलीस तिथेच जाऊन टोमॅटो सोलतेस? काही वाटतं की नाही तुला?"

"सोलत नाही," मी म्हणते. "सोलायचं काम सासूचं. मी आटवते."

ती फोन आपटते. आपटू दे.

ज्याच्याशी माझं लग्न झालं होतं त्याला मी 'माझा पहिला नवरा' म्हणत नाही, कारण दुसरा आणायचा माझा विचार नाही. मी त्याला 'सासूचा मुलगा' म्हणते. नात्याने तेवढंच उरलंय. संसारात मी त्याला अहो म्हणायची. घटस्फोटाचा कागद हातात आला त्या दिवसापासून अरे म्हणते. त्याला ते फार झोंबतं, आणि मला त्याचा फार आनंद होतो.

सासूचं घर तिसऱ्या मजल्यावर. स्वयंपाकघर एवढंसं, खिडकी इमारतीच्या मधल्या चौकात उघडणारी. पातेलं इतकं रुंद की एका शेगडीवर मावत नाही, दोन शेगड्यांच्या मध्ये ठेवावं लागतं. टोमॅटो धुवायचे, बुडाशी सुरीने फुली मारायची, उकळत्या पाण्यात बुडवून काढायचे म्हणजे साल आपोआप सुटते. मग ते चाळणीवर चोळून बिया वेगळ्या करायच्या आणि रस पातेल्यात. इथवर सासूचं राज्य. पुढे माझं. आटत आलेला रस ढवळणं एक क्षण थांबलं की बुडाला लागतो, आणि घट्ट झाला की बुडबुडे फुटून उडायला लागतो. हात भाजतात. म्हणून आम्ही दोघी लांब बाह्यांचे जुने शर्ट चढवतो. तिच्या अंगावर सासऱ्यांचा शर्ट असतो. ते जाऊन बरीच वर्षं झाली, शर्ट अजून कामावर आहे. सासूचा उजवा खांदा धरलेला, तिला डाव फिरवणं जमत नाही. माझ्याशिवाय तिचं अडतं असं मात्र ती कधी म्हणणार नाही, आणि मी म्हटलेलं तिला चालायचं नाही.

या सगळ्यात मीठ सर्वांत शेवटी. आणि मिठाबद्दल या घरात एक कायदा आहे: जो रागावलेला असेल त्याने मीठ घालायचं नाही.

कायदा सासूनेच केलेला. नवी नवरी असताना ती सासऱ्यांशी भांडली, भांडता भांडता पातेल्यात मीठ घातलं, मग भांडण पुढे सरकलं तसं पुन्हा घातलं, आणि त्यांनी काहीतरी टोमणा मारला तेव्हा तिसऱ्यांदा. वर्षभराचा माल गेला. त्या वर्षी शेजाऱ्यांकडून बाटल्या मागून आणाव्या लागल्या, आणि ज्याने दिल्या त्याने कारण विचारूनच दिल्या. तेव्हापासून मीठ घालायच्या आधी सासू सगळ्यांना विचारते, कोण रागावलंय? रागावलेला माणूस गुमान मागे सरतो. इमारतीतल्या सगळ्यांना हे माहीत आहे, चेष्टाही करतात. माझ्या संसाराच्या शेवटच्या वर्षांत मी मिठाच्या डब्याला हात लावला नव्हता, यावरून काय ते समजा.

वेगळी झाल्यावर मी पहिल्यांदा आले तेव्हा सासूने न विचारता डबा माझ्यापुढे धरला होता. "घाल. आता तुझा हात शांत आहे." मी मीठ घातलं आणि मग बाथरूममध्ये जाऊन रडून आले. ती बाई मला काय आहे, हे कोणाला समजावून सांगायच्या फंदात मी पडत नाही. मी घर सोडून निघाले त्या दिवशी तिने मला अडवलं नाही, उपदेश केला नाही. माझी दुसरी पिशवी स्वतः उचलून, त्या धरलेल्या खांद्याने, बसपर्यंत आली आणि बस सुटताना खिडकीतून म्हणाली, "टोमॅटो आले की ये." बस्स. मग मी कशी जाणार नाही?

बाटल्या भरून झाल्या की येणाऱ्या रविवारी सगळी इमारत चौकात जमते. प्रत्येक घर आपापल्या खुर्च्या खाली उतरवतं, टेबलं एकाला एक जोडतात, पाव आणि उकडलेले बटाटे येतात आणि प्रत्येक घराची एकेक बाटली फोडली जाते. ज्याची त्याची चव वेगळी. तळमजल्यावरच्या काकू सगळ्यांच्या बाटल्या आधी चाखतात आणि निकाल ओरडून सांगतात. त्यांना आम्ही जाहीरनामा म्हणतो. तोंडावर नाही. त्या रविवारी मी सासूशेजारी बसते. गेली किती वर्षं तिथेच बसते.

यंदा रस निम्मा आटला होता तेव्हा बेल वाजली. सासूचा मुलगा होता, आणि मागे त्याची नवी बायको. वसंतात त्यांचं लग्न झालं, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला राहतात. ती शाळेत गणित शिकवते एवढंच मी ऐकून होते. समोरासमोर पहिल्यांदाच बघत होते. पर्समधून तिने घडीचा नवाकोरा एप्रन काढला. घड्या मोडल्या नव्हत्या अजून.

"आई, ही शिकायला आलीये," तो म्हणाला. मग माझ्याकडे वळून, जणू मी गॅस दुरुस्त करायला आलेली बाई, "आणि तू हिला आज सगळं एकदा दाखवून दे. म्हणजे पुढच्या वर्षापासून तुला त्रास नको."

"मला कसला त्रास?" मी ढवळत राहिले. ढवळणं थांबवता येत नव्हतं, नाहीतर डाव कुठे गेला असता सांगता येत नाही.

"तुला नसेल. लोकांना होतो."

"कोणत्या लोकांना, अरे? नावं सांग, मी जाऊन माफी मागते."

अरे म्हटल्यावर त्याच्या कपाळावरची शीर फुगली. "रविवारी खाली आईशेजारी तू बसतेस. मग हिने कुठे बसायचं? इमारतीत माझं हसं होतं. माझी बायको एका बाजूला आणि तू तिथे घरच्यासारखी ठाण मांडून. तुझा या घराशी काय संबंध राहिलाय?"

मी सासूकडे पाहिलं. ती चाळणीवर उरलासुरला गर चोळत होती. मान खाली.

आता खरं सांगते, मी घाबरले. तोंडाने मी कोणालाही पुरून उरते. पण तिच्या पोटचा मुलगा तिच्यासमोर उभा होता आणि तो चुकीचं विचारत नव्हता. संबंध काय? कागदावर काहीही नाही. ती एवढंच म्हणाली असती की जा बाई, झालं तेवढं पुरे, तर मला शर्ट काढून खुंटीला लावून निघावं लागलं असतं. माझी आई मी लहान असताना गेली. माझ्या आयुष्यात मला 'ये' म्हणणारं हे एकच स्वयंपाकघर उरलं होतं.

तो बोलतच राहिला. लोक, रीत, ही मनाला लावून घेते, मीच समजून घ्यायला हवं. नवी मध्ये काहीतरी बोलायला गेली तर तिला हाताने थांबवलं. तो हात मला चांगला ओळखीचा होता.

रस घट्ट झाला. डाव फिरवला की मागे तळ दिसायला लागला. "आई, मीठ," मी म्हणाले. आवाज जरा फाटलाच.

सासूने हात पुसले. फळीवरून डबा काढला, झाकण उघडलं, आत पाहिलं आणि पुन्हा लावलं.

"मी रागावलेय. मी नाही घालणार," ती म्हणाली आणि डबा माझ्याकडे केला. "तू?"

"मी तर पातेल्याच्याही पुढे उकळतेय."

"काय पोरखेळ लावलाय!" तो हसला. "आण इकडे, मी घालतो."

"तू दारातून आल्यापासून ओरडतोयस. मागे हो," सासू म्हणाली. आणि तो चक्क मागे झाला. सवय असते माणसाला.

राहता राहिली नवी. आम्ही तिघांनीही तिच्याकडे पाहिलं. त्याचा चेहरा खुलला. "बरोबर! हीच घालेल. आता हे हिचंच घर आहे. घाल गं."

तिने डबा घेतला. हातात चमचा घेतला. "किती?"

"मूठभर," सासू म्हणाली. "पण तू रागावलेली नाहीस ना?"

नवीने झाकण उघडलं, पण चमचा डब्यावरच थांबला. मी ढवळत होते, रस फुटफुट उडत होता. मग तिने विचारलं, "आई, तुम्ही मला आज बोलावलं होतंत ना?"

"नाही," सासू म्हणाली. "आली आहेस तर बस, हाकलणार नाही. पण बोलावलं नव्हतं."

"आणि ताई, तुम्ही यंदा शेवटचं येणार आहात? स्वतःहून?"

"कोण, मी? मी मेल्यावरही येईन एकदा बघायला."

नवीने त्याच्याकडे पाहिलं. तो भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत होता. तिने चमचा डब्यात ठेवला, झाकण लावलं, दाबून लावलं, आणि डबा ओट्यावर ठेवला.

"मग मीसुद्धा रागावलेय," ती म्हणाली.

तो आधी लाल झाला, मग पांढरा. तीन बायका आणि एक मिठाचा डबा, आणि त्याचं कोणी ऐकेना. शेवटी त्याने माझ्याकडे बोट करून ठेवणीतलं काढलं. "ठीक आहे. आई, तूच ठरव. रविवारी ही खाली येणार असेल तर मी येणार नाही. ही किंवा मी."

माझा डाव थांबला. रस बुडाला लागला असता तरी मला चाललं असतं.

सासूने त्याच्याकडे पाहिलं, चांगलं निरखून. ताप आहे का बघताना पाहायची तसं.

"बरं," ती म्हणाली. "मग एक खुर्ची कमी उतरवते."

त्याला वाटलं ती पुढे काही बोलेल. मलाही वाटलं. ती चाळणीकडे वळली. तो दार आपटून गेला, जिन्यात त्याचे बूट खालपर्यंत ऐकू आले.

नवी गेली नाही. "बस कुठे मिळते मला माहीत आहे," ती म्हणाली आणि बाटल्या कोणत्या फडक्यावर उपड्या घालायच्या ते विचारलं. मला ती एकदम आवडली, असं मी म्हणणार नाही. एवढं मोठं मन माझ्याकडे नाही. तिने पहिली बाटली भरताना रस सांडला तेव्हा मला थोडं बरंच वाटलं. पण पोळलेलं बोट तोंडात घालून ती पुढची भरायला लागली, तेव्हा मी माझा शर्ट काढून तिला दिला आणि स्वतः हातांवर टॉवेल गुंडाळला.

सासू अजून चाळणी चोळत होती. चाळणी कधीच रिकामी झाली होती. तिला किती लागलं होतं ते मला दिसत होतं, आणि मला ते सहन होईना.

"आई," मी म्हणाले, "मी नाही येत रविवारी. एका रविवारने काय बिघडतं? त्याला येऊ दे."

ती गर्रकन वळली. सासऱ्यांच्या शर्टाच्या बाहीने डोळे पुसले आणि मला झापलं, तसं तिने मला सून असतानाही कधी झापलं नव्हतं. "मला शहाणपण शिकवू नकोस. मी माझा मुलगा टाकलाय का? तो म्हणाला येणार नाही, मी म्हणाले बरं. जन्मभर कुरकुरतो ना, आई माझं ऐकत नाही म्हणून? आज ऐकलं. आता तू ऐक. माझ्याशेजारी कोण बसायचं ते मी ठरवणार. मला ठरवायला लावलं त्याने, ठरवलं मी. न येऊन तू माझा शब्द खाली पाडलास तर पुन्हा हे दार दिसणार नाही तुला."

बाटल्या भरल्या, झाकणं लावली, उकळल्या. मीठ कोणीच घातलं नाही. कोणी विषयही काढला नाही.

रविवारी मी पिवळा कुर्ता घातला, तो लांबून दिसतो म्हणून. चौकात शिरले तेव्हा टेबलं लागली होती आणि माझ्या येण्याने बोलणी थांबली. बातमी माझ्या आधी पोचली होती. जिन्याला भिंती आहेत, पण त्या भिंतींना काकू आहेत. सासू आणि मी मिळून खुर्च्या उतरवल्या. तिची, माझी आणि तिसरी. तिसरी कोणासाठी ते मी विचारलं नाही, आणि थोड्या वेळाने नवी एकटीच आली आणि तिच्यावर बसली. तो तिच्याशी बोलत नाही, असं तिने बसता बसता सांगितलं. "पण घर शांत आहे," असंही म्हणाली.

जाहीरनामा चाखत चाखत आमच्या टेबलापाशी आल्या. आमची बाटली फोडली, रस पावाला लावून तुकडा तोंडात टाकला, चघळला, थांबल्या, पुन्हा चघळला.

"तिसऱ्या मजल्याचं अळणी आहे!" सगळ्या चौकाला ऐकू गेलं. "अगं, मीठच नाही यात! विसरलीस काय?"

सगळे कान टवकारून बसले. सासू उठली. टेबलाला धरून, खांदा सांभाळत, पण उठली.

"विसरले नाही. नाही घातलं. यंदा आमच्या घरात मीठ घालायला शांत माणूस मिळालं नाही. ज्याला हवं त्याने वरून घालून घ्या."

"असा कोणावर एवढा राग?" काकूंना राहवेना.

"ज्याच्यावर होता त्याला तोंडावर सांगून झालंय. तुम्हाला दुसरं विचारायचंय ना, ते विचारा. सगळ्यांच्या पोटात तेच आहे." तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "ही माझी सून." मग नवीकडे बोट केलं. "आणि ती पण माझी सून. हिशेब जुळत नसेल तर तुम्ही घरी जाऊन जुळवत बसा. मला जुळला."

कोपऱ्यातल्या शिंप्याने टाळी वाजवली, त्याच्या बायकोने त्याचा हात धरून खाली केला. मग बटाट्यांचं पातेलं फिरायला लागलं आणि आवाज परत सुरू झाले. मी पाणी प्यायले, आणि पुन्हा प्यायले.

आणि तेव्हा तो आला.

जिन्याच्या दारात उभा, इस्त्रीचा शर्ट घालून. भूक लागली असेल, घरात कोणी बोलायला नसेल, किंवा आपल्याशिवाय रविवार होतोच कसा ते बघायला आला असेल. माहीत नाही. तो आमच्या टेबलाजवळ येऊन थांबला. एक, दोन, तीन खुर्च्या, तिन्हींवर बायका. त्याने आईकडे पाहिलं, ती पाव कापत होती. बायकोकडे पाहिलं, तिने नजर वळवली नाही. मग त्याची नजर माझ्या खुर्चीवर येऊन थांबली आणि तिथेच राहिली.

ती नजर मला पाठ आहे. संसारात तो खोलीत आला की मी उठायची. उठ असं त्याने कधी म्हटलं नाही, म्हणायची वेळच यायची नाही. तो आत आला, की मी उभी. जेवत असले तरी, ताप असला तरी. आणि आता खोटं कशाला बोलू, त्या चौकात, सगळ्या इमारतीसमोर, माझे गुडघे हलले. हात टेबलाच्या कडेवर गेला होता. अर्धा क्षण मी उठणारच होते, आणि उठले असते तर तो बसला असता, आणि सगळ्यांनी ते पाहिलं असतं आणि पुन्हा आपापल्या बटाट्यांकडे वळले असते.

मी त्या हाताने पावाचा तुकडा उचलला.

"बस ना," मी म्हणाले. "उभा का?"

"कशावर बसू?" तो म्हणाला. माझ्याकडेच बघून.

मी पाव खाल्ला. मी उठत नाही हे त्याला कळायला वेळ लागला.

"वर स्वयंपाकघरात स्टूल आहे," सासू म्हणाली. पाव कापायची थांबली नाही. "जा, घेऊन ये."

तो गेला. तीन मजले चढला. आजूबाजूचे सगळे उगाचच जेवण्यात गढले. तो आता परत येतच नाही असं मला वाटायला लागलं, तेवढ्यात स्टूल जिन्याच्या कठड्यावर आपटत खाली येत असल्याचा आवाज आला. त्याने ते टेबलाच्या टोकाला ठेवलं. स्टूल बुटकं आहे, भाजी निवडायला बसायचं, त्यामुळे तो बसला तेव्हा त्याची हनुवटी टेबलाच्या कडेला आली. सासूने ताटली त्याच्यापुढे सरकवली, बटाटे वाढले, जास्तच वाढले. आई आहे ती. नवीने त्याला पाव दिला.

मी माझ्या खुर्चीवर, सासूशेजारी, पोटभर जेवले.